निरवांगीतला परदेश

त्या वर्षी आम्ही चौघं होतो. दोन मुलगे, दोन मुली, सगळी पंचविशीच्या आसपासची, परदेशी मिशनसेवेला निघायची तयारी करणारी. मी नर्स. पूर्व आफ्रिकेतल्या एका खेड्यात, मिशनच्या छोट्या दवाखान्यात माझं जायचं ठरलं होतं. बारामतीत एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आमचे वर्ग चालायचे. सकाळी बायबल, मग स्वाहिली, दुपारी बाकी सगळं: पाणी कसं शुद्ध करायचं, मलेरियाचा ताप कसा ओळखायचा, एकमेकांचे केस कसे कापायचे, एका खोलीत महिनोन् महिने राहूनही भांडण कसं मिटवायचं.

शिकवणाऱ्या बाई स्वतः बरीच वर्षं तिकडे राहून आलेल्या. उंच, शिडशिडीत, आवाजात जरब. आम्ही त्यांना घाबरायचो आणि त्यांच्यासारखं व्हायलाही बघायचो.

तयारीतल्या चार आठवड्यांना बाई 'परदेश' म्हणायच्या. प्रत्येकाने एका अनोळखी घरात जाऊन राहायचं. ते खातील ते खायचं, ते करतील ते काम करायचं. धर्माचा विषय काढायचा नाही. "तुम्ही शिकवायला नाही, पाहुणं व्हायला जाताय," त्या म्हणायच्या. फोन बाईंकडे जमा. घरच्यांशी बोलणं नाही, निरोप नाही. यजमानांचा नंबर घरी दिलेला असायचा, पण तो नुसता असावा म्हणून.

त्याआधी त्यांनी आमच्या आईवडिलांना हॉलमध्ये बोलावलं आणि हा नियम समजावून सांगितला. माझे आईपप्पा इंदापूरहून आले होते. पप्पा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर, मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारे. आईनं मात्र हात वर केला.

"आणि आमच्याकडं काही झालं तर?"

"तरीही हाच नियम," बाई म्हणाल्या. "उद्या मुलं खरंच तिकडे असतील तेव्हा हाक मारली की येतील का? घरच्यांनीसुद्धा याची सवय करायला हवी. कबूल आहे ना सगळ्यांना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनंही. परतताना ती काही बोलली नाही. मला वाटलं, तिला माझं जाणंच मनातून पसंत नाही. तशी ती आधीपासून गप्पच होती या विषयावर.

माझा परदेश निघाला निरवांगी. ऊस आणि म्हशी असलेलं एक शेतकरी घर. घरातल्या कर्त्या माणसाला सगळं गाव आबा म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्यांच्या बायकोला काकी. पहिल्याच दिवशी आबांनी मला नीट न्याहाळून विचारलं, "तुला आफ्रिकेत जायचंय म्हणं. मग हितं शेण कशाला काढतीयास?"

"तिथे गेल्यावर जड जाऊ नये म्हणून, आबा."

"तितं काय म्हशी हायेत व्हय?"

काकी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी त्या घरात रुळले. ज्वारीची भाकरी थापायला काकींनी मला नव्यानं शिकवलं, कारण माझी त्यांना भाकरी वाटतच नव्हती. त्यांच्या देवघरासमोरून जाताना मी चप्पल बाहेर काढायची, आणि रात्री जेवणाआधी मी डोळे मिटले की काकी ताटावर झाकण ठेवून थांबायच्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

दोन आठवडे उलटून गेले होते. एका गुरुवारी सकाळी मी गोठ्यात होते. आबा आले आणि नुसतेच उभे राहिले. एरवी ते येता येताच बोलायला सुरुवात करायचे. मागे दारात काकी पदर तोंडाशी धरून.

"पोरी, हात धू," आबा म्हणाले.

"अजून एक म्हैस राहिलीय, आबा."

"ऱ्हाऊ दे. तुझी आई दवाखान्यात हाय. बारामतीला. सोमवारी तुझ्या वडलांचा फोन आलता. कुणाकडनं कळलं तरी पोरीला सांगू नका, म्हणले. मी शब्द दिलता त्यास्नी. पर आता माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

"काय झालंय?"

"तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलत न्हाय."

मी नर्स आहे. एवढ्यावरून मला काय समजायचं ते समजलं. तरी मी दुधाची बादली उचलली आणि विचारलं, "हे डेअरीत कोण घालणार?" काकींनी माझ्या हातातून बादली काढून घेतली. माझी बोटं कडीभोवती इतकी घट्ट होती की त्यांना ती एकेक सोडवावी लागली.

आबांनी मोटारसायकल काढली. ऊसतोडीचे दिवस होते, रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला. प्रत्येक ट्रॉलीला मागं टाकताना मी तिची चाकं बघत होते. रडू येत नव्हतं. सोमवारी मी काय करत होते, एवढंच आठवत होते. सोमवारी मी हसत होते. भाकरी तव्यावर टाकताना दुमडली आणि काकी म्हणाल्या, हिचा आफ्रिकेचा नकाशा झाला. नेमकी तेव्हाच आई ॲम्ब्युलन्समध्ये असणार.

आई जनरल वॉर्डात खिडकीजवळ होती. ओठ एका बाजूला ओघळलेला. मला पाहून तिचा चेहरा उजळेल अशी माझी समजूत. ती चिडली.

"कु... कुणी सां..."

"आई, मी आलेय."

"तिकडनं... आली अ... असतीस?"

मी तिचा उजवा हात हातात घेतला आणि सवयीनं म्हणाले, दाब. तिनं दाबला असावा. मला काहीच जाणवलं नाही. डाव्या हातानं तिनं मला दूर ढकललं, त्या हातात मात्र भरपूर जोर होता.

पप्पा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं.

"तिनंच नको म्हटलं," पप्पा म्हणाले. "बोलता येत न्हवतं. खुणा करून सांगत होती. तुझं नाव काढलं की मान हलवायची."

"आणि तुम्ही ऐकलंत? मी नर्स आहे, पप्पा! तासाभरावर होते!"

पप्पा गोंधळले. "मीटिंगमध्ये आपण सगळ्यांनी हो म्हटलं होतं ना?"

त्यात टोमणा नव्हता, बचाव नव्हता. ते खरंच विचारत होते. मशीनवर लिहिलेली सूचना जशी ते आयुष्यभर पाळत आले, तशी त्यांनी हीसुद्धा पाळली होती. माझा राग जागच्या जागी थिजला.

दुपारी बाई आल्या. आबांनीच फोन करून त्यांना बोलावलं होतं. बाईंनाही कुणी काही कळवलेलं नव्हतं. वॉर्डातून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला तरी सांगायचं होतंत," त्या पप्पांना म्हणाल्या.

"तुमीच म्हणाला होता, काही झालं तरी नाही."

तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून बसलेले आबा उठले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"बाई, तिकडनं येता येत न्हाय, कारण मधी समुद्र हाय. हितं मधी काय हाय? ऊस?"

बाई बाकावर बसल्या. त्यांच्या वडिलांच्या मृत्यूची बातमी त्यांना तिकडे फार उशिरा कळली होती, हे त्यांनी आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. "माझी काहीच तयारी नव्हती," त्या म्हणाल्या. "तुमची असावी, एवढंच डोक्यात होतं माझ्या." मग माझ्याकडे न बघता त्यांनी पर्समधून माझा फोन काढून माझ्या हातात दिला. तो नियम त्यांनी नंतर कुणालाच घातला नाही. आमच्यातली बाकीची तिघं ठरल्याप्रमाणे गेली. मी राहिले.

पुढचं सगळं वर्ष मी इंदापुरात आईजवळ होते. मऊ चेंडू दाबायला लावणं, जिभेचे व्यायाम, गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवणं. पप्पा कामावरून आल्यावर भाजी चिरायला शिकले. आईचं बोलणं हळूहळू परत आलं, उजवा हात अर्धामुर्धा. मधून मधून आबा-काकी यायचे. काकी आईच्या हाताला तेल लावता लावता माझ्या भाकरीच्या तक्रारी सांगायच्या आणि आई वाकड्या ओठानं हसायची.

जाण्याचा विषय मी काढत नव्हते. तिच्याच मनात नाही तर कशाला, असं म्हणून मी तो मनातल्या मनात संपवत आणला होता. एका संध्याकाळी गल्लीत तिला चालवताना मी विचारलं, "आई, तेव्हा मला का नाही बोलावलंस? नियम म्हणून?"

ती थांबली. श्वास घेतला. आता तिला वाक्य जुळवायला वेळ लागायचा.

"नियम गेला चुलीत," ती म्हणाली. "तू आलीस की परत जाणार न्हाईस, हे मला म्हाईत होतं. आणि तू जावंस, असं मला वाटत होतं."

तिच्या गप्पपणाचा मी इतके दिवस लावलेला अर्थ सगळा उलटा होता. तिला विचारावं, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"चल," ती म्हणाली, "दमले म्हणून थांबले न्हाई मी." आणि माझा हात सोडून ती पुढं चालू लागली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी गेले.