मागांच्या आवाजात दिलेली मुलाखत

मुंबई विमानतळाच्या दारात काकांनी माझ्या हातात फुलांचा गुच्छ दिला आणि शेजारच्या अनोळखी कुटुंबाला सांगितलं, "आमची पुतणी. जर्मनीला निघालीय. कोल्हापूरच्या काउन्सेलरनी करून दिलं सगळं." मी ट्रॉली थांबवली. "काका, त्यांनी काहीही केलेलं नाही. त्यांचं ऐकलं असतं तर मी आज इथं नसते." बाबा गालात हसले, काकांचं तोंड उतरलं. निघताना मोठ्यांच्या पाया पडायचं असतं, उलट बोलायचं नसतं. मी दोन्ही केलं. काका, तुम्ही हे वाचणार हे ठाऊक आहे, म्हणून इथंही तेच लिहिते.

इचलकरंजीत आमचं घर वर आणि बाबांचा यंत्रमागांचा कारखाना खाली. आडवं सूत नेणारा धोटा मागाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे आपटत राहतो, आणि त्या धडधडीत आम्ही जेवतो, अभ्यास करतो, भांडतो. आई लग्न होऊन आली ती खाली सुताच्या कांड्या भरायलाच बसली. चाळिशीतच तिला कमी ऐकू यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वयामुळे असेल. मला त्या 'असेल'चा भयंकर राग आला, आणि त्या रागातच मी मेकॅनिकलला गेले. यंत्राचा आवाज नेमका कुठून निघतो आणि तो कसा कमी करता येतो, हे मला शिकायचं होतं. जर्मनीतल्या एका विद्यापीठात नेमकं तेच शिकवत होते. मला तिथंच जायचं होतं, दुसरीकडे कुठेही नाही.

परदेशी प्रवेशाचं बघणाऱ्या त्या काउन्सेलरकडे प्रत्येकाला अर्जासोबत जोडायचं एक तयार पत्र मिळायचं. लहानपणापासून यंत्रांचं आकर्षण, आपल्या विद्यापीठाची थोर परंपरा, वगैरे. फक्त विद्यापीठाचं नाव बदलायचं. माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरापोरींना खेळण्यातल्या एकाच गाडीनं यंत्रांचं वेड लावलं होतं! मी मागांबद्दल लिहिलंय म्हटल्यावर काका वैतागले. "मागाचं कशाला सांगतीस? गावंढळ वाटतं. ऑटोमोबाइल सांग की." मी बधले नाही. जर्मनीतल्या त्या विभागातले लोक काय संशोधन करतात ते वाचत बसले, कळलं नाही ते पुन्हा वाचलं, आणि तिथल्या एका प्राध्यापक बाईंना सरळ ईमेल केला. तुमचे प्रयोग एकट्या यंत्रावर आहेत. आमच्याकडे माग एकमेकांना खेटून उभे असतात, तिथं तुमचं गणित चालेल का? त्यात स्तुतीचा एक शब्द नव्हता. उत्तर दोन ओळींचं आलं, पण त्यात त्यांनीच मला उलट प्रश्न विचारला होता. काका म्हणाले, मोठ्या माणसांना असं छळू नये.

मग ऑनलाइन मुलाखत ठरली. काउन्सेलरच्या ऑफिसात खास त्यासाठी एक काचेची खोली होती, मागच्या भिंतीवर पुस्तकांच्या कपाटाचं चित्र. सगळे तिथून मुलाखत द्यायचे. मी घरी बसले. बाबा माग थांबवायला निघाले होते, ते मी थांबवू दिले नाहीत. स्क्रीनवर त्या बाई आणि त्यांचे एक सहकारी आले. सहकाऱ्यांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, जरा शांत खोलीत जाता येईल का? मी म्हटलं, "हीच शांत खोली आहे. खिडक्या बंद आहेत." मग बाई म्हणाल्या, "एक उघडा बघू." मी उघडली. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग यातला सर्वांत वाईट ठोका कुठला, यावर आम्ही तिघं बराच वेळ एकमेकांवर ओरडत होतो. आमचंच विद्यापीठ का, हे मला कुणी विचारलंच नाही.

शिक्षण संपवून आता मी न्युरेम्बर्गला एका कंपनीत मोटारींचा आवाज कमी करते. मध्यंतरी काकांच्या धाकटीचा मेसेज आला, "ताई, तुझं पत्र पाठव ना, नाव बदलून वापरते." मी नाही म्हटलं. 'जर्मन झालीस, माणुसकी विसरलीस' इथपर्यंत फॅमिली ग्रुपवर मजल गेली. जाऊ दे. मी तिला लिहिलं, पत्र मिळणार नाही, पण तुला काय खटकतं ते सांगायला केव्हाही फोन कर. आठवडाभर रुसून शेवटी तिनं केला. कापड रंगवून उरलेलं पाणी नदीत सोडतात, ते तिला सहन होत नव्हतं. "हेच लिही," मी म्हटलं.

"असलं चालतं तिकडं?"

"नाही चाललं तर न चालो. लिही."

आईचे कान मात्र परत आले नाहीत. मी शिकले तोवर तिच्यासाठी उशीर झाला होता, आणि ते मला फार लागतं. कानाचं मशीन ती लावत नाही, डोकं दुखतं म्हणते. दर रविवारी मी तिला फोन करते. इथे रविवारी दिवसभर रुहेत्साइट, म्हणजे सक्तीची शांतता. परवा आई विचारत होती, "तुझं घर आता कुठलं म्हणायचं गं?" तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. रुहेत्साइट चालू आहे, मी आईला मेसेज का लिहीत नाही, असं त्यांनी फार सभ्यपणे विचारलं.

"हो, माहीत आहे," मी म्हटलं. "पण आईशी मी बोलणार." आणि दार लावलं.

मग फोनमध्ये ओरडले, "जिथं तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलता येतं ना आई, ते माझं घर!"

"काय म्हणालीस?" आई म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.