डबीखालचा दिवा

बमरोलीच्या कापडाच्या लूमवर, त्या खडखडाटात कान बधिर करून घेतल्यावर छगन पर्वत पाटियाच्या एका साडीबाजारात एसी प्लांटवर लागला. वरच्या हॉलमध्ये बायका साड्यांच्या घड्या घालायच्या. हॉल तापला की तळघरातलं मशीन चालू करायचं, गारठला की बंद. छगन त्यासाठी दिवसभर जिना चढायचा आणि हवेत हात धरून बघायचा. शेठ चेष्टेने म्हणायचे, आपली वीज छगनच्या तळहातावर चालते.

सत्त्याण्णव साली त्या तळहाताच्या जागी हॉलच्या भिंतीवर पांढरी डबी आली. हवा किती तापली ते तिने ओळखायचं आणि मशीन आपोआप चालू-बंद करायचं. वीज वाचली तर डबी राहणार आणि प्लांटवर एकच माणूस ठेवणार. तो माणूस म्हणजे छगनच्या हाताखालचा लोटू. तरणाताठा, पगारालाही स्वस्त. नाही वाचली तर डबी परत जाणार आणि छगनची नोकरी टिकणार. फैसला दसऱ्याच्या संध्याकाळी.

अशा डबीला शहाण्या माणसाने जोडा दाखवला असता. छगनने सकाळीच तिला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि खाली उंच स्टुलावर तुपाचा दिवा लावला. दसऱ्याला कुठलंही यंत्र पूजेवाचून ठेवायचं नाही, ही त्याची खानदेशातली रीत. तिच्यात वैऱ्यालाही सूट नव्हती.

दुपारपासून हॉल गारठत गेला. बायकांनी पदर अंगाभोवती लपेटले. जयश्री नावाच्या पोरीच्या बोटांना घडी धरवेना. तरी मशीन काही थांबेना. मीटरची चकती भिंगरीसारखी फिरत होती आणि शेठच्या कपाळावर आठ्या चढत होत्या. डबी बसवणारा इंजिनिअर घाईघाईने वर आला. डबीपाशी जाताच त्याच्या चेहऱ्याला ऊब लागली.

"दिव्यामुळे होतंय," तो म्हणाला. "डबीला वाटतंय सगळा हॉलच तापलाय. दिवा बाजूला घ्या."

त्याने हात पुढे केला, तसा शेठने अडवला. "पूजानो दिवो छे. जेणे मूक्यो, ए ज उपाडशे."

ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा. सगळे छगनकडे बघू लागले.

पूजेतला दिवा हलवत नाहीत, एवढं म्हटलं की काम झालं. देवाच्या नावावर शेठ गप्प बसतील आणि संध्याकाळी डबी खोक्यात जाईल. एवढं सोपं पाप पुन्हा मिळणार नव्हतं. शब्द त्याच्या ओठांवर आलेही. त्याला इंजिनिअरचा राग आला, डबीचा आला, सगळ्यात जास्त स्वतःच्या हळदकुंकवाचा आला. कुंकू लावलेल्या हाताने त्याच दिवशी घात कसा करायचा?

आणि समोर बायका कुडकुडत होत्या. इतक्या वर्षांत त्याने त्यांना कधी कुडकुडू दिलं नव्हतं.

त्याने दिवा उचलला. ज्योत हाताच्या आडोशात धरून तो खिडकीतल्या गणपतीपुढे नेऊन ठेवला. सगळे वाट बघत उभे राहिले. थोड्या वेळाने तळघरातली घरघर थांबली. छगनने हात लावला नव्हता, लोटूनेही नाही. शेठ डबीकडे बघून हसले आणि त्यांनी इंजिनिअरच्या हातात पेढा ठेवला.

रात्री नवागामच्या खोलीत भागीरथीने नवऱ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"व्हयनी का पूजा?"

"व्हयनी," छगन म्हणाला. "देव पावना बी. पन त्या डबीले."