गव्हाणीतलं हिरवं

रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या आमच्या गावात चर्चला देऊळ म्हणतात. त्या देवळाचं तरुण मंडळ मी काही वर्षं चालवलं. चालवलं म्हणजे सगळं मीच केलं. नाताळची गव्हाण, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मी बांधायची, तारा मी चिकटवायचा, गाण्यांचे कागद मी लिहायचे, आणि पोरं भिंतीला टेकून बघत उभी. मी शाळामास्तर, संध्याकाळी रिकामा. आपण राबतो म्हणजे सेवा करतो, असं मला मनापासून वाटे. पोरं येईनाशी झाली तेव्हा मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. स्वतःसाठी करायला हवी होती.

जुने फादर शिस्तीचे होते. त्यांनी टाळी वाजवली की पोरं रांगेत. स्वातंत्र्यानंतर बऱ्याच वर्षांनी ते बदलून गेले आणि तरुण फादर आले. हे सगळ्यांना गोल बसवून विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं?" पोरांना असं कुणी विचारण्याची सवय नव्हती. ती एकमेकांकडे बघून हसायची, आणि बैठका लांबत. एवढ्या वेळात मी एकट्याने काम उरकलं असतं, असं मनात म्हणत मी बसून राही.

अशाच एका बैठकीत फादरांनी विचारलं, यंदा गव्हाण कोण करणार? मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "मी करते." मच्छीमाराची पोर. तिची आई आतल्या गावांत सुकी मासळी विकायला जायची, हीसुद्धा पाटी घेऊन तिच्यासोबत असायची. देवळाचा कारभार बघणारे एक म्हातारे होते, गाव त्यांना आजा म्हणे. ते गुरगुरले, "पोरीच्या हातात गव्हाण? आजवर झालं न्हाय."

"बघू तर," फादर म्हणाले. "नाही जमलं तर पुढच्या वर्षी पुन्हा गुरुजी करतील."

म्हणजे तिला संधी मिळाली ती एकदाच. तिचं फसलं असतं तर तिच्यामागून कुठल्याच मुलीला कुणी विचारलं नसतं.

तिची तऱ्हा निराळीच. टाळी नाही, बैठकही नाही. ज्याला जे येतं ते ती त्याच्या दारात जाऊन मागायची. जाळी विणणाऱ्याला म्हणाली, "तुजी गाठ सुटत न्हाय, छप्पर तूच बांध." मंडळाकडे न फिरकणाऱ्या एका उनाडाला म्हणाली, "उंचावर चढायला तुला कुनी सांगावं लागत न्हाय. तारा तू लाव." आणि दोघेही आले! मला तिने काहीच दिलं नाही.

आमच्या गव्हाणीत बेथलेहेमची कुरणं असतात. त्यासाठी आधीच टोपल्यांत नाचणी पेरून सावलीत ठेवायची, रोज थोडं पाणी शिंपडायचं. नाताळपर्यंत कोवळं गवत तयार. हे पाणी घालायचं काम तिने स्वतःकडे ठेवलं होतं, संध्याकाळी. मी मात्र शाळेला जाताना देवळाच्या पडवीत डोकावायचो. माती वरून कोरडी दिसली की पोर विसरली असेल म्हणून तांब्याभर ओतायचो. रोजच. तिला बोललो नाही. मी तिला मदत करत होतो ना.

नाताळ तोंडावर आला आणि नाचणी पिवळी पडून आडवी झाली. मी गेलो तेव्हा सगळे टोपल्यांभोवती उभे होते. कुजका वास येत होता.

"म्या बेतानंच घातलंय पानी," ती म्हणत होती. "आनि कुनी घातलं?"

"मी बोललो व्हतो," आजा कोपऱ्यातून म्हणाले.

"मी घातलं," मी म्हणालो. "सकाळी. रोज."

"कशाला, गुरुजी?"

"वाटलं, तू विसरशील."

"गुरुजी, तुमी बेथलेहेमला पूर आनलात," उनाड म्हणाला. सगळे हसले. तीही हसली, पण डोळे भरून आले होते. मी घाईघाईने म्हणालो की आत्ता अलिबागला जातो, हिरवा कागद आणतो, बसून कापतो.

"न्हाय. तुमी आता कायपन करू नका. फकस्त टोपल्या धरा."

दुसऱ्या सकाळी ती आम्हाला आतल्या गावात घेऊन गेली. भातं कापून झाली होती आणि शेतांत वाल वर आला होता. तिच्या आईकडून मासळी घेणारी एक शेतकरीण बांधावर भेटली.

"काय गो, आज पाटी न्हाय?"

"मावशे, आज मागायला आलो. आमच्या देवाच्या गोठ्यात हिरवं न्हाय."

"आनि ह्यो मोठा मानूस कोन?"

"आमचे गुरुजी. टोपल्या धरतात."

"धरू दे. तुमचा देव गोठ्यात जल्मला? गाय व्हती कं तितं?"

"व्हती."

"मग बांधाकडचा न्या. दाट आलाय, विरळ करायचाच हाय. गाईला वाल आवडतो."

पोरं मातीसकट रोपं काढू लागली. कुणी मुळं तोडत होतं, कुणी वाकडं धरत होतं. मी दोनदा पुढे झालो, पण दोन्ही हातांत टोपल्या होत्या. हळूहळू त्यांना जमायला लागलं. एक गाऊ लागला, बाकीच्यांनी साथ धरली. त्या उन्हात मला फार हलकं वाटलं. इतकी वर्षं मी त्यांच्याकडून काय काय हिसकावून घेतलं होतं, हेही तिथेच कळलं. त्याची टोचणी अजून आहे.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आजा गव्हाणीपुढे बराच वेळ उभे राहिले. पानं नाचणीपेक्षा रुंद होती, मधूनच एखादं पांढरं फूल.

"बेथलेहेमात वाल?"

"तुमी गेलेलात कं तिकडं बघायला, आजा?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने वाकून एक पान चिमटीत धरलं, वास घेतला.

"पुढल्या साली त्या बाईला आधी सांगून ठेव," ते म्हणाले. "आयत्या वेळी गेलीस तर देईलच असं न्हाय."

"सांगते," ती म्हणाली, आणि तारा जरा डावीकडे घे म्हणून उनाडाला ओरडली.