राखणदाराची खुर्ची

माझी भाची सिनेमावेडी. सुट्टीत रत्नागिरीला आली की दिवसाला दोन सिनेमे बघणार आणि जेवताना त्यांची गोष्ट सांगून माझं डोकं खाणार. तिच्यासारख्या मुलांसाठी मी चित्रांची एक रहस्यकथा लिहायला घेतली. बंद पडलेल्या थिएटरातून शेवटचं रीळ नाहीसं होतं आणि चार मुलं ते शोधायला निघतात. चित्रंही माझीच. थिएटर मात्र मला खरं हवं होतं.

तसं एक दाभोळच्या बाजूला सापडलं. जांभ्याच्या भिंती, गंजलेले पत्रे आणि लाकडी खुर्च्यांवर टाकलेली मासेमारीची जाळी. किल्ली तिथल्या म्हाताऱ्या ऑपरेटरकाकांकडे. पहिल्या रांगेतली कडेची एकच खुर्ची स्वच्छ पुसलेली होती आणि तिच्यावर नारळ. ती राखणदाराची, काका म्हणाले. जागा सांभाळणाऱ्या देवाचा मान पहिला, म्हणून प्रत्येक खेळाला ती रिकामी ठेवायची. थिएटर बंद पडलं तरी त्यांनी नेम मोडला नव्हता.

"चित्रात सगळा काढ गो. पन तिच्यावर कुनाला बसवू नको."

मी हो म्हटलं. अशा गोष्टींना मी हो म्हणते आणि विसरते.

चित्र रंगवताना ती रिकामी जागा दात पडल्यासारखी दिसायला लागली. मी तिथे एक मुलगी बसवली. पाठमोरी, दोन वेण्या, पिवळा फ्रॉक. म्हणजे भाचीच. चित्र बघून ती घरभर नाचली.

पुस्तक छापून आल्यावर काकांना प्रत द्यायला तिलाही नेलं. भर दुपार होती. काकांनी दार उघडलं तशी "मला माझी जागा बघायचीय" म्हणत ती आत पळाली. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. काका चष्मा लावून एकेक पान उलटत होते. त्या चित्रावर त्यांचं बोट थांबलं.

"ही कुनाची गो?"

"माझी भाची."

ते उठले ते थेट आत गेले. मी त्यांच्या मागे.

भाची त्याच खुर्चीवर बसली होती, नारळ मांडीवर घेऊन. समोरचा पडदा कधीच काढून नेलेला, नुसती भिंत उरली होती. तिच्याकडे ती एकटक बघत होती आणि मधूनच हसत होती. मी दोनदा हाक मारली. तिने मान न वळवता ओठांवर बोट ठेवलं.

"मावशी, थांब ना. चालू आहे."

काकांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, पोर नेनती हाय. चूक मोठ्या मानसाची. तुझी जागा तुला, आमची पोर आमाला." मग तिच्या मांडीवरचा नारळ उचलून उंबऱ्याशी फोडला. आवाजासरशी ती दचकली आणि मला बिलगली. एवढ्या उकाड्यात तिचे हात गारठलेले होते.

"काय बघितलान ते तिला इचारू नको," काका म्हणाले.

मी विचारलं नाही. घरी आल्यावर माझ्या प्रतीतल्या त्या मुलीवर पांढरा रंग दिला, पण पान उजेडात धरलं की वेण्या दिसतात. भाची आता सिनेमाचं नावही काढत नाही. माझ्यामुळे झालं हे, आणि ते मला आत कुठेतरी खात राहतं. परवा न राहवून मीच म्हटलं, चल, एखादा सिनेमा बघू.

"आधीचा संपू दे," ती म्हणाली.