शेवाळावरचा शेणकाला

आमच्या कर्जतच्या घरी गौरीपुढे शेवाळाचा डोंगर करायची रीत होती. शेवाळ आणायची डोंगरावरच्या वाडीतली एक ठाकरीण. आळीतल्या चार घरांना पत्रावळीची पानंही तीच द्यायची. माझ्या लग्नाला तीनच वर्षं झाली होती, पण सणाच्या कामांची यादी माझ्याकडे होती. ती मी स्वयंपाकघरातल्या पाटीवर लिहायची.

त्या वर्षी ऐनवेळी धावपळ नको म्हणून शेवाळ चार दिवस आधीच मागवलं. सुपात पसरून पडवीत ठेवलं आणि आणखी हिरवं व्हावं म्हणून, जाईला घालतात तसा पातळ शेणकाला सकाळ-संध्याकाळ घातला. पाटीवर तसं लिहिलंही. गौरी यायच्या सकाळी बघते तर सगळं तपकिरी, चिकट, वास मारणारं.

सासूबाई संतापल्या. ठाकरीण पानं घेऊन आली तेव्हा, शिळं शेवाळ गळ्यात मारलंस, म्हणून त्यांनी तिला पायरीवरच फैलावर घेतलं. तिने चिमूटभर उचलून हुंगलं आणि मला विचारलं, "बाय, यावर काय वतलंस?"

"पाणीच," मी म्हणाले.

तिने ते परत सुपात टाकलं. मग म्हणाली, "याला खत सोसत नाय गं. पागोळीखाली धू, सावलीत ठेव. जितं हाय तेवढं येल वर."

आता हिच्याकडून शिकायचं, असं पुटपुटत सासूबाई आत गेल्या. त्यांच्या आधी स्वयंपाकघरात पोचून मी पाटीवरची ती ओळ पदराने पुसली.

त्या वर्षी डोंगर झाला नाही. सासूबाईंनी आळीभर सांगितलं आणि दोन घरांनी तिची पानं बंद केली.

तिने सांगितलं तसं मी केलं, पण गुपचूप. शेवाळ पागोळीखाली धुतलं, न्हाणीमागच्या सावलीत ठेवलं, रोज नुसतं पावसाचं पाणी शिंपडलं. पंधरा दिवसांनी त्या तपकिरीतून हिरवी टोकं वर आली. ती सासूबाईंना दाखवली असती तर शेवाळ शिळं नव्हतं हे सिद्ध झालं असतं, आणि तिची दोन्ही घरं तिला परत मिळाली असती. पण मग ते मेलं कशाने, हा प्रश्न माझ्यापाशी आला असता.

दुपारी सगळे झोपलेले असताना मी ते सूप उकिरड्यावर पालथं केलं.

दसऱ्याला ती आळीत आली नाही. कशेळ्याच्या बाजारात पानं घेऊन बसते, असं पुढे कानावर आलं. मी तिकडे कधी गेले नाही.