निळ्या ड्रममधलं पाणी

घरात माणूस गेलं की भरलेलं पाणी ओतून टाकायचं, असा आमच्याकडचा रिवाज. पण आमच्या गावात नळ आठ-आठ दिवस येत नाही. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा शेजारच्या काकूंनीच तोड काढली. "समदं कुठं ओतता? एकेका भांड्यातलं तांब्याभर ओता, झालं. इथल्या पाण्याची गत देवाला बी ठावं हाय."

तसं केलं. ओट्यावरच्या निळ्या ड्रममधलं मात्र मी तांब्याभरही काढू दिलं नाही. तो तिनं भरलेला शेवटचा ड्रम. पाण्यात तुरटी फिरवून तिनं त्याच्या तोंडाला जुन्या ओढणीचं फडकं बांधलं होतं. पुढं नळ आला तेव्हा मी बाकीचं सगळं भरलं, याला हात लावला नाही. मेहुण्यांनी पाहिलं. चितेगावला कंपनीत पाळीवर निघून गेले.

भाचीला सांभाळायला मी बहिणीच्या घरीच राहिले होते. ती आईबद्दल काही विचारत नसे, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पुस्तकांपलीकडं मला फारसं काही येत नाही, म्हणून वाचनालयातून मुलांच्या प्रयोगांचं एक पुस्तक आणलं. लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसली. दिवा लागला नाही. काड्यापेटीचा फोन केला.  पेट्या कानाला लावून, दोरा ताणून दोघी नुसत्या उभ्या राहिलो.

मग एका दुपारी पाइपनं पाणी चढवून दाखवलं. पाइपला तोंड लावून पाणी ओढणं इथं घरोघर चालतं, पण ते वर कसं चढतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गावातल्या जुन्या, पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या पाणचक्कीचं पाणी हर्सूलकडून मातीच्या नळांतून असंच येतं, असंही सांगितलं. "मग आपणपण चक्की करू," ती म्हणाली. रिकाम्या रिळाला आइस्क्रीमचे चमचे चिकटवून चाक केलं. स्टुलावरच्या बादलीतून पाणी सोडलं, तर ते जेमतेम हललं.

"अजून उंचावरून पाहिजे, मावशी."

"शाबास," मी म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

बाहेरून हसणं ऐकू आलं. आई गेल्यापासून ती हसली नव्हती. मी धावत आले. फडकं जमिनीवर पडलं होतं, पाइप निळ्या ड्रममध्ये होता आणि ओट्याखाली चाक गरगर फिरत होतं.

"बघ ना, थांबतच नाय!"

काकू भिंतीवरून डोकावल्या. "अगं ए सायबीण, पाणी काय तुझ्या बापाच्या कंपनीतून येतंय व्हय? आन् मावशी, तुम्ही बघत काय उभ्या ऱ्हायल्या?"

पाइप नुसता वर उचलला असता तरी पाणी थांबलं असतं. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि पाइप तसाच राहू दिला. ड्रममध्ये पाणी उतरत होतं, मोरीकडं वाहत होतं. दोन्हीकडं बघवेना, तरी बघत राहिले.

चाक मंदावलं. थांबलं.

"संपलं," ती म्हणाली. मग ओट्यावर चढून आत वाकली. "ई, खाली हिरवं झालंय. आई असं कधीच ठेवत नव्हती."

इतक्या दिवसांत तिच्या तोंडी आई आली ती ही अशी.

तिनं ड्रम आडवा करायला लावला आणि अर्धी आत शिरली. "काथ्या दे," आतून आवाज घुमला. मी दिला. ती आईसारखीच घासत होती, आधी तळ, मग कडा. शेवाळाचं पाणी माझ्या पायांवरून गेलं. बहिणीनं भरून ठेवलेलं असं आता घरात काहीच उरलं नव्हतं.

"नळ कधी येणार?" तिनं आतून विचारलं.

"परवा," मी म्हणाले. "आला तर."