मार्चनंतरचं सांग

दुपारची जेवणं झाली आहेत. डिसेंबरचं ऊन अंगणात पसरलंय आणि मी त्यात बाजेवर आडवा झालोय. आज वर्षाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी मंडळी चर्चमध्ये जमेल, सरलेल्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानेल. सकाळी आमचे त्रिभुवन पाळक येऊन गेले. म्हणाले, "शद्रकभाऊ, आज पहिलं गीत तुम्ही उचला."

मी म्हटलं, "घसा बसलाय."

घशाला काही झालेलं नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. चहा पिऊन ते गेले.

आत नलिनी, माझी बायको, संध्याकाळच्या पंगतीसाठी कणीक मळते आहे. तिच्या बांगड्यांचा आवाज येतो, जरा लांब जातो, आणि मग तो बांगड्यांचा राहत नाही. एसटीच्या सैल खिडक्या वाजताहेत. मी स्टिअरिंगवर आहे. सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेली, त्यामुळे याचं मला नवल वाटत नाही. नवल एवढंच, की गाडीत सीटांच्या जागी चर्चची बाकं आहेत, आणि माझ्या शेजारी, इंजिनाच्या बॉनेटवर रुमाल अंथरून, अक्का बसली आहे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, एस्तेर. मार्चमध्ये, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या तोंडावर, ती गेली. आमच्या मंडळीतलं प्रत्येक गीत तीच सुरू करायची. तिने पहिला शब्द उचलायचा, मग आम्ही सगळ्यांनी. ती आता नाही हे मला गाडी चालवतानाही माहीत आहे. तरी मी गिअर बदलतो.

"सलाम, अक्का."

"सलाम. समोर बघ," ती म्हणते. "आणि सांग. मला मार्चपर्यंतचंच माहीत आहे."

"तिकडे कळत नाही का तुला?"

"माणसाच्या तोंडून ऐकायची मजा वेगळी. मार्चनंतरचं सांग."

"जूनमध्ये वारा सुटला. चर्चचे पत्रे उडाले."

मी हे बोलतो आणि आमच्या डोक्यावर टप राहत नाही. चर्चच्या चार भिंती आहेत, वर नुसतं आभाळ. स्टिअरिंग अजून माझ्या हातात आहे. अक्का मान वर करून बघते.

"कुणाला लागलं का रे?"

"नाही. एक पत्रा चर्चमागच्या सुमनबाईंच्या वांग्यांत जाऊन पडला. उचलला तर खाली त्यांची कोंबडी, जिवंत. पण नंतर कितीतरी दिवस तिने अंडं म्हणून दिलं नाही."

अक्का तोंडाला पदर लावून हसते. तिचे खांदे पूर्वी हलायचे तसेच हलतात.

"मग उपासना कुठे केली?"

"रशीदभाईंच्या वखारीत."

लाकडाचा ओला वास येतो. आम्ही ओंडक्यांवर बसलोय, पायाखाली भुसा. "दुसऱ्याच दिवशी ते आपणहून घरी आले," मी सांगतो. "म्हणाले, शुक्रवारी माझ्यासाठी करवत थांबते, रविवारी तुमच्यासाठी थांबेल. नाताळपर्यंत तिथेच होतो आम्ही. रविवारी घरी आलं की बायकांच्या लुगड्यांतून भुसा पडायचा. सुमनबाईंच्या नातीचा बाप्तिस्मा तिथेच झाला. पाळकांनी डोक्यावर पाणी घातलं, त्यावर भुसा चिकटला, आणि पोरगी अशी शिंकली की सगळी मंडळी आमेन म्हणाली."

"आणि पत्रे?"

"नवे बसले. नाताळची उपासना त्यांच्याखालीच झाली. रशीदभाई बायकोला घेऊन आले होते."

"चांगलं वर्ष गेलं की," अक्का म्हणते. भुशावरून हात फिरवते. मग विचारते, "गाणं कोण उचलतं?"

मी पायाने भुसा सारतो. मग सांगतो, "कुणीच नाही. सगळे एकमेकांकडे बघतात. पाळक सुरू करतात, पण त्यांचा सूर इतका वर जातो की तिसऱ्या कडव्याला बायका गप्प होतात. एकदा शेजारची पिठाची गिरणी सुरू होती. लोकांनी तिच्या घरघरीचा सूर धरला. त्या दिवशी बरं झालं."

या वेळी ती हसत नाही.

"आणि तू?"

"ओठ हलवतो."

"माझ्या जागेवर कोण बसतं?"

"कुणी नाही. रिकामी ठेवलीय."

"वेडे आहात का? तिथे सकाळचं कोवळं ऊन येतं. एखाद्या म्हातारीला बसवा."

ओंडके नाहीत आता. चिंचेखालचं कब्रस्तान आहे. माझे पाय अनवाणी आणि लहान झालेत. समोर खोदलेली माती, आईच्या कबरेची. माणसं गोल उभी आहेत आणि कुणाच्याच तोंडून गीत फुटत नाही. शेजारी अक्का आहे, दोन वेण्या घातलेली. ती गीत सुरू करते, पण इतक्या खालच्या सुरात, की पुरुषांनाही तिथे उतरता येत नाही.

"आठवतं?" वेण्यांमधला तो चेहरा मला म्हाताऱ्या अक्काच्या आवाजात विचारतो.

"चुकलं होतं तुझं."

"साफ चुकलं होतं. मग काय झालं?"

मला आठवतं. दुसऱ्या ओळीला मागून कुणीतरी सूर जरा वर घेतला, मग आणखी कुणी. पहिलं कडवं संपेपर्यंत सगळे एका जागी आले होते.

"बरोबर सूर लागायची वाट बघत बसले असते तर आईला मुक्यानेच पुरलं असतं," अक्का म्हणते. "कुणीतरी लावायचा. बाकीचे सांभाळून घेतात. मला आयुष्यभर त्यांनी सांभाळलंच की. हं, चल."

"इथे?"

"गाडीतच. रस्ता मोकळा आहे."

खिडक्या वाजताहेत. दोन्हीकडे ऊस. मागच्या बाकांवर सगळी मंडळी आहे, वळून न बघताही मला कळतं. मी तोंड उघडतो. सूर खाली लागतो, फार खाली. अक्का बॉनेटवर थाप मारून ताल धरते, मीही दरवाजावर थाप मारतो. मागून एक आवाज येतो, मग दुसरा. गाणं उचललं जातं, मला उचलतं, आणि ऊन एकदम डोळ्यांत येतं.

अंगण. ऊन तिरपं झालंय. नलिनी कणकेच्या हातांनी दारात उभी आहे.

"अहो, बाज मोडायची! केव्हाचे लाकडावर थापा मारताय."

"मी गात होतो?"

"गात होतात. अगदी खाली लावला होता सूर." ती जरा थांबते. "मी आतून वर घेतला, तर आलात माझ्या मागे."

मी उजवा हात उलटा करून बघतो. तळवा लालबुंद झालाय, बोटांखाली बाजेच्या लाकडाची कड उमटली आहे. झोंबतंय.

"पाळकांना फोन लाव," मी म्हणतो.

"माझे हात कणकेचे आहेत."

मग मीच उठतो आणि डाव्या हाताने फोन लावतो.